कादंबरी लिहायचीय? आधी पाटोला जा : पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाबद्दल

गोव्यात राहून मराठीत कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या कुणीही लेखनाचा वर्ग लावण्याआधी आणि ‘कादंबरी कशी लिहावी’ छापाची पुस्तकं मागवण्याआधी एक काम करावं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत बसावं. मी गेली काही वर्षं हे करते आहे. लिहिणाऱ्याच्या नजरेतून हे ग्रंथालय कसं आहे, एवढंच इथे सांगते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ते कसं आहे, मुलांना घेऊन जावं का, हे दुसऱ्या कुणीतरी लिहावं.

मी डिचोलीची. एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहिते. कादंबरी १९८६ च्या पावसाळ्यातली आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेती पुन्हा फेरीबोटीवर आली, ती थेट १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत. माझा नायक त्या फेरीबोटीवर दोर टाकणारा खलाशी आहे. तेव्हा मी लहान होते. धक्क्यावरची गर्दी, डिझेलचा वास, आईने घट्ट धरलेलं मनगट, एवढंच आठवतं. एवढ्यावर गोष्ट होते, कादंबरी होत नाही. कादंबरीला तारखा लागतात, भाव लागतात, कुणाच्या तोंडी काय होतं ते लागतं. ते मला पाटोला मिळालं.

इमारतीबद्दल थोडक्यात. ग्रंथालय संस्कृती भवनात आहे. ही सहा मजली नवी इमारत, कदंब बसस्टँडवरून चालत जाता येते. आधी हे ग्रंथालय आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं. तिथल्या प्रवेशद्वारातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स ज्यांनी पाहिल्यात, त्यांना पाटोची इमारत जरा कोरडी वाटेल. मला नाही वाटत. इथे उजेड आहे, ऐसपैस टेबलं आहेत, आणि तासन्‌तास बसलं तरी कुणी काही विचारत नाही. संस्था मात्र फार जुनी. १५ सप्टेंबर १८३२ रोजी व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु यांच्या काळात ती सुरू झाली. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत तिची गणना होते. पुढे जुन्या गोव्यातले मठ बंद पडले तेव्हा तिथली पुस्तकंही इकडे आली. आणि नाव कुणाचं, तर केळशीच्या कृष्णदास शामाचं, ज्याने १५२६ मध्ये कृष्णाची कथा मराठी ओव्यांत लिहायला घेतली. गोष्ट सांगणाऱ्याच्या नावाच्या घरात बसून गोष्ट लिहायची, याचं मला प्रत्येक वेळी बळ वाटतं. ते इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. इथलं खरं धन म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली.

पहिल्यांदा मी जुलै १९८६ ची मराठी दैनिकाची फाइल मागितली तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी ती दोन्ही हातांवर आडवी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “बाय, पानां मात हळू परतात हां.” वर्तमानपत्राच्या पूर्ण आकाराचा तो गठ्ठा. पुठ्ठ्याची बांधणी, पाठीला कापडी पट्टी. कागद चहाच्या डागासारखा पिवळा झालेला आणि कडांना इतका ठिसूळ की पान उलटताना बोटाने कोपरा धरायचा नाही. तळहात पानाखाली सरकवायचा आणि पान उचलून पलीकडे निजवायचं. हे हाताला जमायला थोडा वेळ लागतो. जमलं की एक लय येते. त्या लयीत माणूस सावकाश वाचतो, आणि सावकाश वाचण्यातच सगळं आहे.

कारण मी शोधायला गेले होते पुलाची बातमी. ती पहिल्या पानावर होतीच. पण तेवढीच हवी असती तर ती आता घरबसल्याही कळते. पूल १९७० मध्ये सुरू झाला, सोळा वर्षांत पडला, काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं. मोबाइलला आपण जे विचारू त्याचं तो उत्तर देतो. फाइलमध्ये आपल्याला विचारायचं सुचलंच नसतं ते समोर येतं. पुलाच्या बातमीखालीच छत्र्यांची जाहिरात असते. आत शाळेच्या वह्या, सिनेमाचे खेळ, विकायला काढलेली जुनी स्कूटर, कुठल्याशा खात्याची निविदा. हे सगळं त्या दिवशी त्या माणसांच्या घरात सकाळी येऊन पडलेलं होतं. माझा खलाशी लिहायला-वाचायला शिकलेला आहे. धक्क्यावर फेरी सुटायची वाट बघताना तो कुणाच्या तरी हातातलं वर्तमानपत्र वाकून वाचतो. तो पुलाची बातमी नाही वाचणार, पूल त्याने डोळ्यांनी पाहिलाय. तो स्कूटरची जाहिरात वाचेल. हे मला फाइल समोर असल्यामुळे सुचलं, आणि त्या एका जाहिरातीतून त्याची सगळी इच्छा, त्याची ऐपत, त्याने बायकोला न सांगितलेली गोष्ट, असं करत एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

नवीन लिहिणाऱ्यांना मी हेच सांगेन की एखादी घटना शोधायला जाऊ नका. एक तारीख ठरवा आणि त्या दिवसाचा अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग दुसऱ्या दिवसाचा. एका आठवड्याचे अंक असे वाचले की तो काळ डोक्यात बसतो.

यात सर्वांत मोलाचं पान कोणतं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन श्रद्धांजलीचं. गोव्याची वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना हे पान माहीत आहे. फोटो, नाव, गाव, वाडा, आणि खाली शोकाकुल कुटुंबीयांची यादी. लिहिणाऱ्याने ही यादी नीट बघावी. १९८६ मध्ये सत्तरीपार गेलेली आजी वारली, म्हणजे तिचं नाव १९१० च्या आसपास ठेवलेलं. खाली मुलगे, सुना, मुली, जावई, म्हणजे १९४० च्या आगेमागे ठेवलेली नावं. त्याखाली नातवंडं, ती १९७० नंतरची. चार इंच लांबीच्या त्या चौकोनात तीन पिढ्यांची नावं ओळीने मिळतात, तीही त्याच गावातली, त्याच समाजातली. नव्या कादंबऱ्यांत मला नेहमी खटकतं ते हे की साठीतल्या बाईला लेखकाने आपल्या वर्गातल्या मुलीचं नाव दिलेलं असतं. श्रद्धांजलीचं पान वाचणाऱ्याकडून हे होणार नाही. शिवाय कोण कुठे गेलं तेही कळतं. एक मुलगा मुंबईत, एक आखातात, मुलगी लग्न होऊन बेळगावला. गावात कोण उरलं, कोण पांगलं, घर कुणाच्या भरवशावर चालायचं, याचा अंदाज येतो. अर्थात खऱ्या माणसांची नावं जशीच्या तशी उचलायची नाहीत. मी नाव एका यादीतून घेते, आडनाव दुसरीकडून, वाडा तिसराच. दुःखाच्या जागी बसून आपण साहित्य गोळा करतो आहोत याचं भान सुटू नये, म्हणून त्या पानाशी मी जरा जपून वागते.

दुसरं पान वाचकांच्या पत्रांचं. बातमी लिहिणारा सगळ्यांसारखंच लिहितो, पण पत्र लिहिणारा माणूस आपल्यासारखं लिहितो. रस्त्यातला खड्डा, बस न थांबणं, नळाला पाणी नसणं यावर रागावलेली माणसं आपली वाक्यं कशी सुरू करतात, कुठे अडखळतात, कुठे म्हण टाकतात, हे वहीत उतरवून घेण्यासारखं असतं. संवाद लिहायला मी तिथून शिकले.

आणि १९८६ म्हटल्यावर राजभाषेचा प्रश्न आलाच. कोंकणी की मराठी यावरून तेव्हा गोवा पेटला होता. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा विधेयक संमत झालं, कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही कायद्यात जागा मिळाली, आणि ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झालं. आज त्या काळावर लिहिणारा माणूस बहुतेक एका बाजूचा असतो. मीही मराठीच्या घरातली आहे. पण कादंबरीत फेरीबोट असेल तर तिच्यावर दोन्ही बाजूंची माणसं एकाच कठड्याला टेकून उभी असणार. त्यांतल्या एकाला मूर्ख आणि दुसऱ्याला शहाणा करून टाकलं तर कादंबरी तिथेच मेली. ग्रंथालयाचा मोठा उपयोग मला इथे झाला. एकाच तारखेचं मराठी दैनिक आणि इंग्रजी दैनिक शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतं. एकच सभा, पण एकात ‘विराट’, दुसऱ्यात चार ओळी. दोन्ही वाचून झाल्यावर मी फाइली मिटते आणि विचार करते की त्या सभेला गेलेला माणूस रात्री घरी आल्यावर बायकोला काय सांगत असेल. ते कुठल्याच अंकात नसतं, ते आपल्यालाच लिहावं लागतं.

इथे एक अडचण गोव्यात मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे उभी असते. निवेदन मराठीत करायचं, ते आपल्या हाताला वळण पडल्यासारखं येतं. पण माणसं घरात बोलणार कोंकणीत. मराठीसाठी मोर्चात गेलेला माझ्या कादंबरीतला पोस्टमास्तरसुद्धा चुलीपाशी कोंकणीतच जेवण मागतो. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी त्याच्या तोंडी साफ मराठी घातली तर तो माणूसच खोटा पडतो. सगळं कोंकणीत ठेवलं तर सीमेपलीकडचा वाचक पुस्तक मिटून ठेवील. याचं उत्तर मी ग्रंथालयाच्या कथाविभागात शोधलं. आपल्या गोमंतकीय कथाकारांचे जुने संग्रह तिथे आहेत. सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई, आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी. या मंडळींनी हा प्रश्न आमच्या आधी सोडवलेला आहे. मी एकेक कथा दोनदा वाचते. पहिल्यांदा नुसती वाचक म्हणून. दुसऱ्यांदा वही घेऊन. माणूस बोलायला लागला की लेखक काय करतो? गावचा शब्द कुठे ठेवतो, कुठे सोडून देतो? आधीच्या वाक्यात अर्थ पेरून मग तो शब्द आणतो का? असं वाचत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की छोटं बोलणं कोंकणीत चालतं, कारण प्रसंगच अर्थ सांगतो. माझ्या पहिल्या प्रकरणात धक्क्यावरचा मुलगा विचारतो, “केन्ना येतलो?” आणि खलाशी म्हणतो, “उदक देंवल्यार.” पुढे नदी फुगलेली दाखवली आहे, दोर ताणलेला दाखवला आहे. कोल्हापूरच्या माझ्या मावसबहिणीला हे वाचून दाखवलं, तिने मध्ये थांबून काही विचारलं नाही. मला तेवढं पुरलं. लांब भांडण मात्र मी मराठीतच लिहिते. फक्त वाक्याची चाल कोंकणी ठेवते.

कथाविभागातली जुनी पुस्तकं घरी आणली की आणखी एक गोष्ट बघायला मिळते. काही प्रतींच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी अजून चिकटलेली असते. एका वर्षात किती जणांनी पुस्तक नेलं, मग किती वर्षं ते कुणीच नेलं नाही, पुन्हा अचानक एक शिक्का. आपलं पुस्तकही असंच कुणीतरी कधीतरी नेईल, या विचाराने लिहायला हुरूप येतो. कुणी कुणी पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेल्या असतात. असं करू नये हे खरंच. पण केलेल्या असल्या तर मी त्या वाचते, कारण वाचकाला कुठे थांबावंसं वाटलं ते तिथे दिसतं. बहुतेक वेळा लेखकाने सुंदर म्हणून लिहिलेल्या ओळीखाली रेघ नसते. साध्या, सरळ वाक्याखाली असते.

माझ्या कादंबरीत आजोबांचं एक प्रकरण आहे, ते पोर्तुगीज काळातलं. आजोबा बाजारात नाणं टाकतात. कोणतं? १९५९ च्या सुरुवातीला गोव्यात रुपय हे जुनं चलन जाऊन इश्कुद हे नवं चलन आलं, एका रुपयाला सहा इश्कुद असा हिशेब होता. म्हणजे प्रकरण १९५८ च्या दिवाळीतलं ठेवलं तर आजोबा रुपय-टांग (टांग म्हणजे रुपयाची मोड) बोलणार, १९६० मधलं ठेवलं तर हातात इश्कुद असणार, पण तोंडात जुनाच हिशेब राहणार. हातात एक आणि तोंडात दुसरं, हे मला इतकं आवडलं की मी प्रकरण १९६० मध्ये नेलं. त्या काळचं सरकारी राजपत्रही इथे आहे, पोर्तुगीजमध्ये. मला पोर्तुगीज येत नाही. पण वाचनकक्षात नेहमी येणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, पोर्तुगीज शाळेत शिकलेले. मी त्यांना बाब म्हणते, ते मला चलीये, म्हणजे मुली, म्हणतात. त्यांनी मला बाजूला बसवून हवा तो भाग वाचून दिला, आणि वर त्या काळी दुकानदार मोड देताना कशी कुरकुर करायचे तेही करून दाखवलं. असे लोक या इमारतीत भेटतात. ते कुठल्या सूचीत नसतात, पण मी त्यांना ग्रंथालयाचाच भाग मानते.

तुलनेसाठी लेखनवर्गांबद्दल सांगते, कारण पैसे तिकडेच जातात. मीही एक ऑनलाइन वर्ग केला, नाव घेत नाही. शिकवणारे तयारीचे होते. तीन अंकी रचना, नायकाचा प्रवास, दर प्रकरणाच्या शेवटी उत्कंठा, हे सगळं तक्त्यांसकट मिळालं. उदाहरणं बहुतेक अमेरिकन चित्रपटांची. तक्ता भरला की गोष्ट तयार होते असा एकूण सूर होता. रचना कळणं वाईट नाही, मला त्यातून प्रकरणं लहान करायला शिकता आलं. पण त्या वर्गात कुणीही मला विचारलं नाही की तुझा खलाशी महिन्याला किती कमावतो, फेरी बंद पडली तर त्या दिवशी तो काय करतो, त्याच्या घराला दरवाजे किती. जे प्रश्न लेखकाला खरोखर लिहायला बसवतात, ते मला फाइलींनी विचारले. वर्गाची फी एकदा भरायची असते. इथे बसून वाचायला तिकीट लागत नाही. पुस्तकं घरी न्यायची तर रीतसर सभासद व्हावं लागतं, ओळखपत्र सोबत ठेवा.

एक गोष्ट ग्रंथालय देऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. लिहिलेलं चांगलं आहे की नाही हे तिथे कुणी सांगणार नाही. त्यासाठी माणसं हवीत. माझी दोन माणसं आहेत, साखळीची एक शिक्षिका आणि पतसंस्थेतलाच एक सहकारी. प्रकरण झालं की मी ते मोठ्याने वाचून दाखवते. कुठे त्यांची नजर घड्याळाकडे गेली तिथे मी समासात खूण करते. ज्यांच्याकडे अशी माणसं नाहीत त्यांनी ती आधी शोधावीत. नुसत्या फाइली वाचत बसलं की संशोधनाचं व्यसन लागतं आणि कादंबरी बाजूला राहते. मी स्वतःला नियमच घालून घेतलाय. सकाळी फाइल, दुपारनंतर वही. तीन वाजल्यानंतर फाइल उघडायची नाही, टिपणंही बघायची नाहीत. सकाळचं जे लक्षात राहिलं तेच कादंबरीत जायच्या लायकीचं, बाकीचं वहीत राहू दे.

लिहायला जागा कशी? चांगली. मी हाताने लिहिते, फुलस्केप वहीत. लॅपटॉपवाले बरेच असतात. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली सकाळपासून येऊन बसतात आणि मान वर करत नाहीत. त्यांच्यामध्ये बसलं की आपल्यालाही मोबाइल काढायची लाज वाटते. माझी कित्येक पानं अशा कुणा अनोळखी मुलीच्या शेजारी बसून झाली आहेत, जी कसलेसे कलम-पोटकलम पाठ करत होती. पावसाळ्यात काचेबाहेर पाटोचा रस्ता, पलीकडे ओरेमची खाडी, आणि वर मांडवीवरचे पूल. आता तीन आहेत, तिसरा अटल सेतू २०१९ चा. म्हापशावरून येणारी माझी बस त्यांच्याच गर्दीतून येते. १९८६ वर लिहिणाऱ्याला याहून चांगली जागा पणजीत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. शाईचं पेन जुन्या फाइलीजवळ नेऊ नका, पेन्सिल न्या, दोन न्या. पानाचा फोटो हवा असेल तर काढण्याआधी विचारा. फाइल मागताना ‘त्या काळातलं काहीतरी’ असं म्हणू नका. वर्तमानपत्राचं नाव, महिना, वर्ष कागदावर लिहून द्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना शोधायला सोपं जातं आणि ते आपुलकीने मदत करतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. टिपण घेताना वर तारीख आणि पान क्रमांक टाका. कादंबरी छापायला जाईल तेव्हा संपादक नेमकं तेच विचारतात, असं छापून आलेले लेखक सांगतात. सार्वजनिक सुट्टीच्या आसपास जायचं असेल तर वेळा आधी विचारून घ्या, विशेषतः लांबून, काणकोण-पेडण्याहून येणार असाल तर. दुपारी भूक लागली तर स्टँडच्या बाजूला भाजी-पाव मिळतो. मी घरून डबा आणते, कारण जेवून लगेच लिहायला बसता येतं.

आणि पहिल्या दिवशी कोणती फाइल मागायची ते सुचत नसेल तर आपल्या जन्माचा महिना मागा. आपण पाळण्यात असताना शेजारीपाजारी काय चाललं होतं ते वाचा, श्रद्धांजलीच्या पानावरून तीन नावं उतरवून घ्या, आणि त्यांतल्या मधल्या पिढीच्या माणसाला त्या सकाळी घराबाहेर काढा. तो कुठे निघालाय ते लिहायला लागा. जुनी फाइल कपाटातून काढून आणायला वेळ जातो, म्हणून दार उघडल्या-उघडल्या मागणी दिलेली बरी.